फुटाण्याचं आंबोण

बैल पोटफुगीनं आडवा झाला, की केजच्या आसपासच्या चार गावांतून माणूस धावत यायचा तो बद्रीनाथ तात्यांकडेच. बांबूचं नळकांडं, बैलाची वर धरलेली मान आणि घशात सोडलेला काढा, एवढ्यावर तात्यांनी पंचक्रोशीत नाव कमावलं होतं. असा माणूस एका मूठभर जनावरापुढं हात टेकेल असं कुणी म्हटलं असतं, तर तात्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

ते जनावर घरात आलं ते थेट रुखवतातून. माघात तात्यांच्या मुलाचं, अंगदचं, लग्न झालं. नवरीकडच्या धारूरच्या मंडळींनी सुपारीचे नवरा-नवरी मांडले, मोत्यांचं तोरण मांडलं, लोकरीचा ससा मांडला आणि सगळ्यांच्या शेवटी एक पिंजरा ठेवला. त्यात फुटाणा बसलेला. तांबूस पाठ, पांढरं तोंड, शेपूट औषधालाही नाही. गिनीपिग म्हणतात त्याला, असं कुणीतरी सांगितलं. तात्यांच्या बायको विमलबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "आमी पोरगी मागितलती, उंदीर कुटं मागितलता?"

पण पोरीला, सत्यशीलाला, त्याची माया होती आणि ती उगीच नव्हती. तिनं पुण्यात एका खोलीत तीन वर्षं परीक्षांचा अभ्यास केला. सोबतची मैत्रीण कंटाळून गावी गेली आणि जाताना हे मागं ठेवून गेली. मग सत्यशीलाशी बोलायला तेवढंच होतं. निकाल लागला, केजच्या तहसीलमध्ये नोकरी लागली, ती बातमीही तिनं आधी फुटाण्याला सांगितली होती.

तात्यांच्या घरची रीत जुनी. सून सासऱ्याशी थेट बोलत नाही, सासरा सुनेशी नाही. मध्ये विमलबाई. "आत्या, मामांना विचारा, चहा टाकू का?" मामा, म्हणजे तात्या, तीन हातांवर बसलेले. "तिला म्हणावं, टाक." आठ महिने विमलबाईंनी हे टपाल बिनतक्रार वाहिलं. दोघांच्याही मनात एकमेकांविषयी काही वाकडं नव्हतं, फक्त बोलणं नव्हतं.

तात्या चारचौघांत फुटाण्याला "फुकटखाऊ" म्हणायचे. सून ऑफिसला गेली, की मात्र दुधात कुस्करलेली भाकरी वाटीत घेऊन पिंजऱ्यापाशी बसायचे. एवढ्याशा तोंडाला गवताच्या काड्या टोचत असतील, असा त्यांचा विचार. फुटाणाही लबाड. भाकरी मिळतेय म्हटल्यावर गवताकडं ढुंकून बघेना. तात्यांची चप्पल वाजली, की शिट्टी मारायचा. ती शिट्टी ऐकली की तात्यांना दिवस चांगला गेल्यासारखा वाटायचा.

अश्विनात फुटाण्याची हनुवटी ओली दिसायला लागली. लाळ गळायची, घास तोंडातून पडायचा. अंगदची परळीच्या वीज केंद्रात पाळी होती, तरी त्यानं रजा टाकली आणि तो, सत्यशीला आणि तात्या असे तिघं लातूरला गेले. डॉक्टरांनी सांगितलं, याचे दात जन्मभर वाढतात, गवत चघळूनच झिजतात. मागच्या दाढा वाढून जिभेवर आल्यात, भूल देऊन घासाव्या लागतील. मग त्यांनी विचारलं, "मऊ काही देता का याला? भाकरी, पोळी?"

"नाही सर, गवतच," सत्यशीला म्हणाली.

तात्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले. अख्खा महिना वाचून काढला.

दाढा नीट झाल्या. आता खरी परीक्षा खाण्याची होती. तोंड हुळहुळलेलं, तो आपणहून खाईना. आणि या जनावराचं पोट दिवसभर रिकामं राहिलं, तर आतडी थांबतात आणि जनावर हातचं जातं. म्हणून दर तीन तासांनी डॉक्टरांनी दिलेली हिरवी पूड कोमट पाण्यात कालवून सुई नसलेल्या सिरिंजनं भरवायची, वेळेवर दुखण्याचं औषध द्यायचं आणि रोज वजन करायचं. तहसीलमध्ये अतिवृष्टीच्या पंचनाम्यांची घाई, सत्यशीलाला रजा मिळेना. तिनं सकाळी सासूला सगळं समजावलं आणि डोळे पुसत जीप पकडली.

विमलबाईंना ते हातात धरायचीच किळस. "माझ्याकडं दे," तात्या म्हणाले. "काय सांगितलं तिनं?"

"हे हिरवं कालवायचं आन दहाच्या खुणेपर्यंत पाजायचं."

"म्हंजी बैलाला कालवतो ते आंबोणच की! त्यात काय यवढं?"

टपालात निम्मी चिठ्ठी राहून गेली होती. तात्यांना पाजणं एकाच तऱ्हेचं ठाऊक. त्यांनी फुटाण्याला मांडीवर घेतलं, दोन बोटांनी मान वर केली आणि दट्ट्या दाबला. फुटाणा खोकला. नाकातून हिरवा फेस आला, पाय ताठले, आणि मग तो तात्यांच्या तळहातावर नुसता पडून राहिला.

मारक्या बैलाला न भ्यायलेला माणूस आता बायकोला विचारू लागला, "आता काय करू?"

"संध्याकाळी आली म्हंजी सांगते मी तिला," विमलबाई रडवेल्या होऊन म्हणाल्या.

"संध्याकाळपातुर काय ऱ्हातंय!" तात्यांनी खिशातला मोबाइल काढला. सुनेचा नंबर अंगदनं कधीचा घालून दिला होता. तात्यांनी तो एकदाही लावला नव्हता.

"हॅलो? आत्या?"

"म्या बोलतोय. बद्रीनाथ."

पलीकडून घाबरलेला आवाज आला, "मामा? काय झालं?"

तात्यांनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही सावरलं नाही.

"त्याचं तोंड खाली करून धरा. नाक पुसा. मी डॉक्टरांना विचारते, फोन ठेवू नका." दोन मिनिटांनी ती फोनवर परत आली. "छातीला कान लावा मामा. घरघर येती का?"

तात्यांनी श्वास रोखून कान लावला. आत बारीकसं, भरभर चाललं होतं. "घरघर न्हाई. चालू हाय."

"मग अर्धा तास नुसतं घेऊन बसा. घरघर आली तर लगेच लातूर गाठायचं. न्हाई आली तर मी सांगते तसं भरवू. मान वर करायची न्हाई. बाजूनं, पुढच्या दातांच्या मागं फट असती, तिथून थेंबभर. त्याला चघळू द्या. गिळलं की पुढचा थेंब."

अर्ध्या तासानं तिनंच फोन लावला. दहाच्या खुणेपर्यंत पोचायला पाऊण तास लागला. "गिळलं," तात्या म्हणत, "आता पुढचा," ती म्हणे. तिकडं कुणीतरी तिला फाईल मागत होतं, ती त्याला थांबवत होती. सिरिंज रिकामी झाली तेव्हा तात्यांच्या पाठीला रग लागली होती. पण त्यांनी फोन ठेवला नाही.

"सूनबाई, आजून एक हाय. त्याला भाकरी म्या चारीत होतो. रोज. दुधात कुस्करून. डागदरानं इचारलं तवा माजी जीभ उचलली न्हाई. त्याचे दात माज्यामुळं वाढले."

"ठाऊक होतं मला," सत्यशीला हळूच म्हणाली. "त्याच्या मिशांना भाकरी लागलेली असायची."

"मंग कावून बोलली न्हाईस?"

"या घरात कुणीतरी त्याला आपला म्हणतंय, ह्याचंच बरं वाटायचं. गवताचं सांगावं वाटायचं लई. पण तुमाला कसं सांगू? डॉक्टरांपुढंबी तुमाला उघडं पाडवेना."

तात्यांनी भाकरीची वाटी उचलून कोनाड्यात पालथी घातली.

पुढचे तीन दिवस तात्यांनी दुसरं काही केलं नाही. ऑफिसच्या वेळात सांगणं फोनवरून, घरी आल्यावर समोरासमोर. एकानं धरायचं, दुसऱ्यानं भरवायचं, मग बोलल्यावाचून कसं निभणार? वाण्याच्या काट्यावर वजन आणखी घसरत नव्हतं, पण फुटाणा आपणहून तोंड लावेना. चौथ्या दिवशी तात्या पहाटेच्या गाडीनं धारूरला गेले आणि डोंगराच्या उतारावरचं मारवेल गवत कापून आणलं. बैल आजारातून उठला, की आधी मारवेलावरच तोंड टाकतो, हे त्यांच्या अनुभवाचं. कोवळ्या शेंड्याची एक काडी त्यांनी फुटाण्यापुढं धरली आणि उगी बसून राहिले.

बऱ्याच वेळानं नाक हललं. काडी एक पेर आत गेली. मग दुसरं पेर.

तात्यांनी धांदलीनं फोन लावला, काही न बोलता तो फुटाण्याच्या तोंडाशी धरला. कुरूम, कुरूम, कुरूम. पलीकडं तहसीलच्या गलक्यात सत्यशीला कान देऊन उभी होती.

मग ती म्हणाली, "मामा, तुमी जेवलात का?"

दुपार टळून गेली होती. पहाटेच्या चहावरच होते तात्या.

"न्हाई, पोरी."

"मग आता आधी जेवा."

तात्यांनी फोन ठेवला, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि हाक मारली, "आगं, ताट वाढ."

विमलबाई लगबगीनं बाहेर आल्या. "काय म्हणली सूनबाई? मला सांगा की!"

"तुला कावून सांगू?" तात्या म्हणाले. "तिनं मला सांगितलंय."