गिरजाबाईंच्या गळ्यातली दुर्बीण

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. माझा पट्टा दोनदा तुटून शिवलेला आहे, पण माझ्यातून अजूनही लख्ख दिसतं. अमेरिकेत, नेपरव्हिलच्या एका म्हाताऱ्याने माझ्यातून वीस वर्षं पक्षी पाहिले. तो गेल्यावर त्याच्या मुलांनी मला गराज सेलच्या, म्हणजे घरापुढे जुनं सामान विकायच्या टेबलावर मांडलं. तिथून, त्याच गावात राहणाऱ्या उपासनाने मला आपल्या सासूबाईंसाठी उचललं.

सासूबाई म्हणजे गिरजाबाई. नागपूरला त्यांनी पस्तीस वर्षं इतिहास शिकवला. युरोपातल्या चर्चच्या उंच कमानी त्यांनी पुस्तकातल्या एका धुरकट चित्रावरून मुलांना समजावल्या होत्या. १९९७ साली उपासनाला कॉन्फरन्ससाठी बुडापेस्टला जायचं होतं, तेव्हा तिच्याकडे राहायला आलेल्या सासूबाईंचंही तिकीट तिने काढलं. विमानात गिरजाबाई मला छातीशी धरून बसल्या होत्या. ती छाती कशी धडधडत होती म्हणून सांगू!

पहिल्याच चर्चच्या दारात मात्र त्या थबकल्या.

"उपासना, आपल्याला आत सोडतील का गं? विचारून ये."

"आई, ओपन आहे ते. सगळेच जातात."

"तरी विचारून ये."

लहानपणी गावच्या देवळाच्या पायरीवरून त्यांना हाकललं होतं. उपासना विचारायला गेली. दारातला माणूस हसला आणि त्याने दुसरंही दार उघडलं.

मग काय विचारता! छत, रंगीत काचा, सोनेरी देवदूत. मला क्षणाची उसंत नव्हती.

"अगं, त्या देवदूताच्या पायाला सहा बोटं आहेत!" गिरजाबाई ओरडल्या.

"आई, हळू! लोक बघतायत."

"बघू देत. त्यांनापण दाखव."

तीन दिवसांत सात चर्च झाली. उपासनाचे पाय सुजले, सासूबाई मात्र पुढे पळत होत्या.

चौथ्या दिवशी आम्ही एका जुन्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात गेलो. खाली दुरुस्ती चालली होती, म्हणून दोरी बांधून रस्ता अडवला होता. वर बायकांचा सज्जा होता, तिथे आम्ही चढलो. "म्हणजे इथेही बायका वेगळ्याच!" गिरजाबाई पुटपुटल्या.

सज्ज्यात एक वृद्ध बाई कठड्यावरून वाकून, डोळे बारीक करून खाली काहीतरी शोधत होत्या. त्यांना थोडं इंग्रजी येत होतं. उपासनाने त्यांना विचारलं आणि सासूबाईंना सांगितलं, "आई, त्यांचे वडील खाली बसायचे, तिसऱ्या रांगेत. बाकावर त्यांच्या नावाची पट्टी होती. सेकंड वर्ल्ड वॉरमध्ये ज्यू म्हणून त्यांना पकडून नेलं, ते परत आलेच नाहीत. ती पट्टी आहे की नाही, ते यांना इथून दिसत नाहीये."

गिरजाबाईंनी मला गळ्यातून काढलं आणि त्या बाईंच्या गळ्यात घातलं. "हे चाक फिरवा, ताई," त्या चक्क मराठीत म्हणाल्या.

चाक फिरलं. मित्रांनो, उभ्या आयुष्यात मी इतका जीव लावून पाहिलं नव्हतं. बाक सरकले, धूसर झाले, आणि एक पितळी पट्टी स्वच्छ समोर आली. बाईंनी नाव मोठ्याने वाचलं. पुन्हा वाचलं. मग त्यांनी गिरजाबाईंचा हात धरला आणि दोघी रडत रडत हसू लागल्या. ते नाव मग गिरजाबाईंनीही माझ्यातून पाहिलं. अक्षरं कळत नव्हती, तरी कितीतरी वेळ पाहिलं.

आता गिरजाबाई नागपूरला असतात. मी मात्र नेपरव्हिललाच राहिले, उपासनाच्या कपाटात जुन्या कॅसेटींखाली पडून आहे. मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखं कुणी असेल, तर त्याला बाहेर काढा. मऊ कापडाने काचा पुसा. आणि एकट्यानेच पाहू नका, शेजारच्यालाही द्या.