क्लेमची लिफ्ट

मारलेलं हरीण दोरानं वर ओढून टांगायची विजेची विंच गॅरेजातून गायब झालेली दिसली, तेव्हाच डोलोरेसला कळलं की कुठंतरी पाणी मुरतंय. मे महिन्यात हरणं कोण मारतं? शिकारीचा मोसम नोव्हेंबरात. तोवर ती विंच मागच्या भिंतीला आकड्यावर लटकलेली असायची, आणि तिला हात लावायची कुणाची टाप नव्हती. तिचा नवरा नॉर्ब एक वेळ दात घासायचा ब्रश उसना देईल, पण विंच नाही.

"नॉर्ब, विंच कुठंय?"

"क्लेमला दिली."

"क्लेमला? त्याला कशाला हवी?"

"लिफ्ट करतोय. गॅरेजच्या माळ्यावर सामान चढवायला." एवढं बोलून नॉर्बनं सॉसेजचा असा मोठा घास तोंडात कोंबला, की पुढचं विचारायची सोयच राहिली नाही.

क्लेम म्हणजे डोलोरेसचा धाकटा भाऊ. आयुष्यभर गावात टपाल वाटलं, लग्न केलं नाही, आईपाशीच राहिला. माणूस गुणी, पण हात म्हणाल तर नुसते शोभेचे. चित्र टांगायला खिळा ठोकायचा झाला तरी नॉर्बला बोलावणं यायचं. आणि हा पठ्ठ्या म्हणे लिफ्ट बांधतोय! बरं, चढवायला आहे काय त्याच्याकडं? नाताळात दाराला पानांचं कडंसुद्धा लावत नाही मेला.

पण घरात आईचं सामान होतं. खरी गोम तिथंच होती.

आई फेब्रुवारीत गेली. जमीन इतकी गोठलेली होती की दफनाला एप्रिल उजाडावा लागला. त्यानंतर आपल्याकडं करतात तसं दोघांनी घरभर फिरून ठिपके चिकटवले. डोलोरेसचे पिवळे, क्लेमचे निळे. ज्याला जे हवं त्यावर त्याचा ठिपका, आणि दोन्ही रंग आले तर बसून बोलायचं. दोन्ही रंग आले ते तीनच गोष्टींवर. आईचा अक्रोडाचा पलंग, आरशाचं टेबल आणि देवदाराची पेटी. लग्नाआधी आईनं स्वतः विणलेलं सगळं त्या पेटीत होतं. मे अखेरच्या सुट्टीत बसून मिटवू, असं ठरलं होतं.

ठिपक्यांवरून घरं फुटलेली डोलोरेसनं डोळ्यांनी पाहिली होती. दोघी शिमान्स्की बहिणी एका पोळपाटावरून भांडल्या, त्या आजही चर्चमध्ये दोन टोकांना बसतात आणि प्रार्थनेत शेजाऱ्याशी शांतीचा हात मिळवायची वेळ आली की एक जण मुद्दाम खोकायला बाहेर जाते. डोलोरेसला पोटची मुलं नव्हती, बाप असून नसल्यासारखा. ती एकोणीस वर्षांची असताना बाप बोलिंगच्या अड्ड्यावरच्या एका बाईचा हात धरून मिशिगनला निघून गेला होता. रक्ताचं म्हणावं असं एकच माणूस उरलं होतं, आणि तेच आता फसवणार असेल तर मग संपलंच की सगळं! या विचारानं तिला अन्न गोड लागेना.

म्हणून ती रूबार्बचा केक घेऊन भावाकडं गेली. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, तर केक बरा.

गॅरेजचं दार उघडं होतं. छतातल्या झडपेचं चौकोनी भोक मोठं केलेलं, वर तुळईला नॉर्बची विंच बांधलेली, तिच्या पोलादी दोराला प्लायवूडची एक फळी चार साखळ्यांनी टांगलेली. फळीवर नळाचं जड पाणी मऊ करायच्या मिठाच्या गोण्या रचलेल्या. क्लेम तारेच्या टोकाचं बटण हातात घेऊन देवासमोर उभं राहावं तसा उभा होता.

"बाजूला हो, डोलोरेस! परीक्षा चाललीय."

"कुणाची?"

त्यानं बटण दाबलं. विंच गुरगुरली, फळी वर निघाली, आणि निम्म्यात जाऊन अशी अडली की खाली येईना आणि वर जाईना. एक साखळी सैल पडली, फळी कलली, वरची गोणी सरकून धाडकन खाली आपटली. मीठच मीठ झालं.

"वा!" डोलोरेस म्हणाली. "माणूस असता तर?"

"माणूस कोण चढवणार आहे? सामान आहे. नॉर्ब म्हणाला, दोराला झटका दिला की सुटतं." त्यानं झटका दिला आणि खरंच फळी खाली आली.

"नॉर्बनं सांगितलं? म्हणजे नॉर्ब इथं येतो?"

क्लेमनं सांडलेलं मीठ बुटानं गोळा करायला घेतलं. त्याचे कान लाल झाले. लहानपणापासून त्याचे कानच चुगली करायचे.

"काय चढवायचंय रे एवढं जड?"

"हे ते. किरकोळ."

"किरकोळाला विंच लागते?"

"केक कसला आणलायस?" तो म्हणाला. बघा! नॉर्ब सॉसेज खातो, हा केक विचारतो. दोघांचा गुरू एकच.

ती हात धुवायच्या निमित्तानं आत गेली. गॅरेजातून स्वयंपाकघरात चढायला तीन उंच पायऱ्या, त्यांना नवा कठडा बसवलेला. नव्या लाकडाचा वास येत होता. आईच्या खोलीचं दार बंद, मूठ फिरवली तर कुलूप. आई असताना त्या दाराला कधी कुलूप नव्हतं.

"रंग लावतोय," मागून क्लेमचा आवाज आला. "ओला आहे."

"वास तर येत नाही रंगाचा."

"हल्ली बिनवासाचा मिळतो."

डोलोरेस केक तिथंच टाकून घरी आली. रडू येत होतं, पण रागानं येऊ दिलं नाही.

शुक्रवारी नवराबायको नेहमीसारखे मासे खायला गेले. नॉर्बचा ब्रँडीचा पेला समोर आला तरी त्यानं अर्धा तास तो नुसता फिरवत ठेवला. हे लक्षण ठीक नव्हतं.

"डोली," तो म्हणाला, "तुझी आई बापाबद्दल काय म्हणायची गं?"

"तुला माहीत नाही? मी जिवंत आहे तोवर तो या उंबऱ्याच्या आत येणार नाही, म्हणायची. रोज नाही, पण वर्षातनं एकदा तरी."

"जिवंत आहे तोवर," नॉर्ब पुटपुटला.

"का? आज बरी आठवण आली?"

"सहज. कोबीची कोशिंबीर खाणार नसशील तर इकडं दे."

सहज! चाळीस वर्षांच्या संसारात नॉर्ब सहज म्हणून काही बोलला नव्हता. पण डोलोरेसच्या डोक्यात पेटीच बसली होती, तिथं दुसऱ्या कशाला जागा नव्हती. तिला वाटलं, आईचा विषय काढून हा माझं मन मऊ करतोय, म्हणजे उद्या पेटी गेली तरी मी ओरडू नये. ज्यानं त्यानं आपापला घास राखून ठेवलाय, आणि मी मात्र वेडी पिवळे ठिपके चिकटवत बसलेय.

मंगळवारी सकाळी नॉर्ब म्हणाला, "क्लेम नि मी मासे पकडायला जातोय. संध्याकाळ होईल." ट्रक गेला. दुपार कलल्यावर डोलोरेस घरच्या गॅरेजात आली. दोन्ही गळ भिंतीला जागच्या जागी होते, आमिषाचा डबासुद्धा.

"हातानं पकडणार असतील," ती मोठ्यानं म्हणाली आणि कोट चढवून निघाली.

भावाच्या गॅरेजच्या कुलपाचा आकडा तिला पाठ होता. आत कुणी नव्हतं. ती घडीच्या शिडीनं माळ्यावर चढली, गुडघे कुरकुरत होते, तरी चढली.

सगळं होतं तिथं. पलंग सुटा करून भिंतीला टेकवलेला, आरसा दुलयांत गुंडाळलेला, देवदाराची पेटी मधोमध. चोर! तिनं दुलई ओढून काढली. आरशाच्या कडेवर पिवळा ठिपका होता. पलंगाच्या डोक्याकडं पिवळा. पेटीवर पिवळा. निळे ठिपके नखानं खरवडून काढलेले, त्यांचा डिंक तेवढा राहिलेला. आईचा शिवणाचा दिवा क्लेमनं हट्टानं स्वतःकडं ठेवला होता, त्यावरही पिवळाच.

डोलोरेस पेटीवर बसली. चोरी नव्हती ही. मग काय होतं? भावानं सगळं तिच्या नावानं सोडलं होतं आणि सांगितलं नव्हतं. फुकट कुणी कुणाला एवढं देत नाही. देणाऱ्याच्या पोटात काहीतरी असतंच. तिला चोरीपेक्षा याचीच जास्त भीती वाटली.

खाली ट्रक थांबल्याचा आवाज आला. तिनं झडपेतून वाकून पाहिलं. क्लेम उतरला, नॉर्ब उतरला, आणि मधल्या सीटवर टोपी घातलेला एक म्हातारा काचेआड बसून राहिला. मागच्या बाजूला घडी केलेली चाकांची खुर्ची होती.

टोपी तिनं ओळखली नाही. पण तो मान एका बाजूला कलती ठेवून बसला होता, तशी मान या कुटुंबात आणखी एकाच माणसाची होती. ती तिची स्वतःची.

शिडीनं उतरायला पाय धजेनात. तिनं फळीवर पाऊल ठेवलं, बटण दाबलं, आणि मिठाच्या गोणीसारखी खाली निघाली. निम्म्यात आल्यावर फळी अडली.

"अरे देवा," नॉर्ब म्हणाला.

"खाली उतरवू नकोस मला!" डोलोरेस वरूनच ओरडली. "आधी बोला. कोण आहे तो ट्रकात?"

"डॅड," क्लेम म्हणाला.

"कुणाचा?"

"आपला, डोलोरेस. ती बाई वारली. तिच्या मुलांनी घर विकलं. ते डॅडना कुठल्यातरी वृद्धाश्रमात टाकणार होते. डॉक्टर म्हणतात, हृदय थकलंय, वर्षसुद्धा नाही."

"मग टाकू देत की! मी अशाच ठिकाणी आयुष्यभर म्हाताऱ्यांची अंगं पुसली. तिथं माणसंच असतात. आणि तू त्याला आईच्या खोलीत आणलंस?"

"आईच्या पलंगावर नाही निजवणार. ते मला जमलं नसतं. म्हणून तर लिफ्ट केली. तिची एकही वस्तू डॅडच्या हाताला लागणार नाही. सगळं तुझं आहे. सगळ्या वस्तू तू घे, मी हा एक माणूस घेतो."

"लाच देतोस मला?"

"हो," क्लेम म्हणाला. "तू पुन्हा या घरात पाय ठेवणार नाहीस, याची भीती वाटली. तुझ्याशिवाय मला कोण आहे?"

हेच वाक्य ती आठवडे न् आठवडे मनात म्हणत होती. ती नॉर्बकडं वळली.

"आणि तू? तुला कधीपासून माहीत आहे?"

"ईस्टरपासून. सांगितलं असतं तर तू विंच देऊ दिली नसतीस."

"नसतीच दिली! तुझ्याच डोक्यात घातली असती!" ती थरथरत होती आणि तिच्याबरोबर फळीही. "ऐक, क्लेम. आज संध्याकाळी आईचं सगळं माझ्या घरी पोचलं पाहिजे. त्याच्या डोक्यावर तिची एक टाचणीही राहायला नको. आणि तो इथं आहे तोवर मी येणार नाही. तू ये माझ्याकडं. जेवायला ये. पण मी नाही येणार."

"बरं," क्लेम म्हणाला आणि शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले.

नॉर्बनं दोराला झटका दिला. डोलोरेस जमिनीवर आली आणि दोघांकडं न बघता दाराकडं निघाली.

इतक्यात ट्रकचं दार उघडलं. म्हातारा वाट बघून कंटाळला होता. दोघं धावले, त्याला खुर्चीत बसवून गॅरेजात आणलं. तीन पायऱ्यांपाशी खुर्ची थांबली. क्लेमनं त्याला काखेतून धरायच्या ऐवजी मनगटं धरून ओढलं, नॉर्बनं मागून पट्टा पकडला, आणि दुसऱ्या पायरीवर म्हाताऱ्याचे गुडघे दुमडले. नव्या कठड्यावर त्याची बोटं सरकत खाली आली.

डोलोरेसनं काही ठरवलं नाही. हात काखेत गेले, कंबर त्याच्या कमरेला टेकली, वजन तिच्या अंगावर आलं. केवढंसं ते वजन! तिनं दोघांना मान हलवून बाजूला केलं.

म्हाताऱ्याचे डोळे मोतीबिंदूनं दुधाळ झाले होते. ऐकायलाही कमी येत असावं, कारण तो गरजेपेक्षा मोठ्यानं बोलला.

"देव तुझं भलं करो, बाई. सरकारी नर्स का तू?"

डोलोरेसनं काखेतली पकड आणखी घट्ट केली.

"क्लेम चांगला मुलगा आहे," म्हातारा तिच्या कानाशी म्हणाला. "म्हणतो, बहीणही येईल हळूहळू. मी म्हटलं, विसर. ती माझ्यावर गेलीय. आम्ही लोक कुणावर विश्वास ठेवत नाही."

याला खरंच ओळखू आलं नाही, की हा डाव टाकतोय? डोलोरेसनं त्याच्या चेहऱ्याकडं निरखून पाहिलं. तिथं काही दिसेना. तोही मान कलती करून तिच्याकडं तसंच निरखून पाहत होता. तिनं हात काढून घेतले असते तर तो तिथंच पडला असता.

"उजवा पाय उचला," ती म्हणाली. "वर अजून एक पायरी आहे."