दात सोडायचे नाहीत

गेला महिनाभर करिष्माचा जीव हनुवटीत अडकला होता. बॉक्सिंगच्या सरावात जबड्यावर ठोसा बसला, गाल भज्यासारखा टम्म फुगला, आणि आईने, मनकर्णाबाईने, निकाल देऊन टाकला.

"आता तोंडावर एक जरी जखम दिसली, तं ज्याच्यानं झाली ते काम बंद! जबडा मोडला तं जेवशील कशानं?"

घरात आईच्या शब्दावर अपील नव्हतं. रविवारी चंद्रपुरात जिल्ह्याची निवड होती. जिंकणारी पुण्याला राज्य स्पर्धेला जाणार होती. म्हणजे जिंकायचंही होतं आणि तोंडही कोरं आणायचं होतं.

ऊर्जानगरच्या हॉलमध्ये मुलींना बॉक्सिंग शिकवणारे धनराज सर डोक्याला हात लावून बसले होते. पोरीचे पाय चपळ, डावा हात झकास. पण उजवा ठोसा निघाला की मान वर आणि तोंड उघडं. "दार सताड उघडं टाकून झोपता का तुमी घरी?" ते ओरडत. हनुवटीखाली टेनिसचा चेंडू धरायला लावत. डाव्या हाताला चेंडू जागेवर राही, उजवा निघाला की टपकन खाली.

याचं मूळ तिला गावच्या तलावावर सापडलं. बापाचा, देवाजीचा, खांदा निकामी झाल्यापासून जाळं तीच फेकायची. दोरी मनगटाला, शिशाच्या गोळ्यांचा काठ थोडा हातात, थोडा दातात. कमरेतून पीळ घेऊन जाळं भिरकवायचं आणि त्याच क्षणी दात सोडायचे, म्हणजे ते गोल उघडतं. त्या सकाळी जाळं पाण्यावर पसरलं आणि ती तशीच उभी राहिली, हनुवटी आभाळाकडे, तोंड वासून. अरे देवा! रिंगणातही ती जाळंच फेकत होती की!

"मंग तिथी दात सोडू नोको," तिने हे सांगितल्यावर सर म्हणाले. "दातावरचं रबर म्हंजे जाळ्याचा काठ समज. सोडला तं मासा तूच."

झालं! पोरीला दुसरं काही सुचेना. सायकलवर हनुवटी छातीला, जेवताना छातीला, झोपेत दात करकरा. "मान लचकली का तुयी?" बापाने विचारलं. "रुसली असन," आई म्हणाली. रुसायला वेळ कुठे होता? एका जागी बसवत नव्हतं, उभं राहिलं की बसावंसं वाटत होतं.

रविवारी समोर आली बल्लारपूरची एक ताडमाड मुलगी. तिचे ठोसे हेडगार्डच्या कपाळपट्टीवर बसले, ग्लोव्हजवर बसले, खांद्यावर बसले. करिष्माने रबर इतकं चावलं की कानशिलं ठणकायला लागली. शेवटच्या फेरीत फट दिसली. उजवा सुटला, पण हनुवटी खांद्याला चिकटलेली, दात घट्ट. उलट आलेला ठोसा जबडा शोधत आला आणि खांद्यावरून घसरून गेला. पंचांनी तिचा हात वर केला तेव्हाही तिचे दात मिटलेलेच होते.

आरशात तिने तोंड दहादा पाहिलं. कोरं होतं! कधी एकदा आईला दाखवते, असं झालं तिला.

घरी कोणी नव्हतं. आई तलावाच्या बांधावर होती. करिष्मा धावत गेली, पण मनकर्णाबाईने तिच्याकडे पाहिलंच नाही. पाहायची तिची छातीच होत नव्हती. "पाहुणे येऊन रायले. आंधी एक जाळं टाक," ती पाण्याकडे बघत म्हणाली.

करिष्मा पाण्यात उतरली. काठ दातात धरला, पीळ घेतला, जाळं भिरकावलं.

दात सुटलेच नाहीत.

जाळं गोळा होऊन पडलं, शिशाने हिसका दिला, आणि ती तोंडावर पाण्यात. उठली तेव्हा खालचा ओठ फाटून रक्त हनुवटीवर उतरत होतं. तिला रडूच कोसळलं. इतकं सांभाळलं, आणि शेवटी हे! सवयीने तिने हनुवटी छातीत खुपसली.

मनकर्णाबाई लुगड्यासकट पाण्यात शिरली. "वर कर तोंड."

"आई, हे तिथचं नाई वो. जाळ्यानं..."

"मले डोये नाईत का? वर कर."

करिष्माने हनुवटी वर केली. आईने ती चिमटीत धरली, या गालाकडे वळवली, त्या गालाकडे वळवली.

"तिथी तोंडाले ठोसा लागू नाई देला?"

"एक बी नाई. अन् जिंकली बी."

आईने पदराने ओठ दाबून धरला. "जाय मंग पुण्याले," ती म्हणाली. "जाळं बंद. ज्याच्यानं लागलं ते बंद, मनलं होतं ना मी?"

"मंग जाळं फेकन कोन?"

मनकर्णाबाईने तोवर लेकीची दोरी सोडून स्वतःच्या मनगटाला बांधली होती, आणि जाळ्याचा काठ तिच्या दातात होता.