पू. म्हणजे पूजा

दत्तारामानं मटणाची पिशवी ओट्यावर ठेवली आणि तिथूनच तोंडाचा पट्टा सोडला.

“चिरो नाय, वाळू नाय, घमेलाभर शिमीट नाय, आणि ठेकेदाराक पैशे? ते पण कागदाचे? कागदात कोण ऱ्हवतलो? पावस इलो तर डोक्यार धरूचो?”

“अवो, हळू बोला,” रत्नप्रभा म्हणाली. “आताच नकाशाच्या कागदाक हळद-कुंकू लावलंय.”

मालाडच्या टेकडीखालच्या चाळीत नवराबायकोची पस्तीस वर्षं गेली. गावी कणकवलीकडे स्वतःची जमीन होती, पण तिच्यावर नुसतं गवत. गणपतीला गेलं की दिराच्या पडवीत पथारी. नऊ वर्षांमागे रत्नप्रभानं नेम धरला, बाप्पा आपल्या घरात बसेपर्यंत मोदक तोंडात घालायचा नाही. दरवर्षी शंभर वळायची, एक चाखायची नाही.

गावाकडची घरं बांधणाऱ्या अंबादास ठेकेदाराचा नियम सरळ होता. आधी नकाशाचे पैसे, मग नकाशावर घरधन्याची सही, मग खोदाई. पैसे तिनं भिशीतून देऊन टाकले होते. सही आज झाली नाही तर तो दुसरं काम धरणार. मग पाऊस. मग दहावं वर्ष.

“माका ह्या रेघांतला काय्येक कळणा नाय,” दत्ताराम म्हणाला. “ह्येका घर म्हणतत?”

रत्नप्रभानं नकाशा काखेत मारला. रांगोळीचा डबा आणि मापाची टेप घेऊन ती चाळीमागच्या मोकळ्या जागेत गेली. अळवाच्या वाफ्यापलीकडची माती फाल्गुनातल्या उन्हानं भाजून कडक झाली होती. तिनं सडा घातला आणि कागद बघून, मापं धरून रांगोळी सोडायला लागली. दहा वाजता आख्खं घर मातीवर पांढरंशुभ्र पसरलं. पडवी, माजघर, सैपाकघर, दोन खोल्या. कोपऱ्यात एक लहानशी खोली, कागदावर तिच्यात नुसतं ‘पू.’

“पू. म्हणजे पूजा,” म्हणत तिनं तिथं कमळ काढलं.

तेवढ्यात शेजारची शांताबाई बादली घेऊन माजघरातून आरपार निघाली.

“ओ शांताबाई! भिंतीतसून खंय चाललास?” दत्तारामाच्या तोंडून आपसूक निघालं.

“अगं बया! कुठली भिंत?” शांताबाई जालन्याकडची, आवाज खणखणीत.

“ही! दारातसून येवा. चपला भायर.”

“बाजारात तुरी न् भट भटणीला मारी!” म्हणत शांताबाईनं चपला काढल्या, वळसा घालून दारातून आली आणि माजघरात फतकल मारली. “एवढं घर बांधलं, चहा न्हाई का वो?”

मग मात्र दत्तारामाच्या अंगात घर संचारलं. तो खोल्याखोल्यांतून हिंडला, त्यातली मोठी स्वतःला धरली. सैपाकघरात बसलेल्या कुत्र्याला ‘हाड’ केलं, आणि कुत्रं भिंतीतून पळालं म्हणून त्याला शिव्या घातल्या. चाळ गोळा झाली.

“दारातसून गणपती जाता काय ता बघूक होया,” त्यानं फर्मावलं आणि मटणासाठी घासून ठेवलेला मोठा कुकर आणला. पाटावर कुकर, कुकरावर लाल टॉवेल. ‘मोरया’च्या गजरात स्वारी दारातून शिरली, पडवी ओलांडली आणि कोपऱ्यातल्या कमळावर स्थानापन्न झाली. दत्तारामानं हात जोडून गाऱ्हाणं घातलं.

“बा देवा म्हाराजा! ह्या घराक बरकत दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” चाळ गर्जली.

“जो कोण कागदाचे पैशे खाता, तेच्या पोटात कळ येवंदे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“यायला लागली, काका,” मागून अंबादास म्हणाला. तो सहीसाठीच आला होता. त्यानं घर न्याहाळलं. “मापं झकास. पण गणपती संडासात का बसवलात?”

कुकराची शिट्टी तेवढी वाजायची राहिली.

“संडास? हयसर पू. लिवलंस मां!”

“पू. म्हणजे पूर्व, काका. दिशा. खोलीचं नाव वर आहे.”

कागदावर नेमकं तिथं रत्नप्रभानं ओढलेलं कुंकवाचं बोट होतं. अंबादासानं ते नखानं खरवडलं. खालून ‘शौ.’ उगवला.

रत्नप्रभानं आधी कानाला हात लावले, मग हळूच विचारलं, “मगे देवाची खोली खंय?”

“नाहीच. काका म्हणाले, देव फळीवर मावतील.”

सगळी चाळ दत्तारामाकडे बघायला लागली. दत्ताराम अळवाकडे.

रत्नप्रभा तडक घरात गेली. केरसुणी घेऊन आली, दत्तारामाच्या खोलीची भिंत पुसली, सहा फूट आत सरकवली आणि मोकळ्या झालेल्या जागी नवं कमळ काढलं. अंबादासानं कागदावर तशी रेघ ओढली.

“ह्याचेच पैसे घेतले, काका. चिऱ्याची भिंत केरसुणीनं पुसता येत नाही.”

दत्तारामानं पेन मागून घेतलं आणि शांताबाईच्या बादलीवर कागद टेकवून सही ठोकली. मग कुकर उचलला.

“चल, मटण टाक आता.”

“ह्या कुकरात?” रत्नप्रभानं झाकणावर हात ठेवला. “ह्येच्यात बाप्पा बसलो.”

“अगो, संडासात बसलो होतो!”

“खंयव बसांदे. बसलो मां?”

मटण शांताबाईकडे गेलं. दुपारी तिच्या येसर मसाल्यातल्या मटणाचा वास दाराची वाट न धरता, सगळ्या पांढऱ्या भिंती ओलांडत दत्तारामाच्या पानापर्यंत आला. पानात वरण-भात होता, कुकरातला.

“गोड मानून घेवा,” रत्नप्रभा म्हणाली. “माझी नऊ वर्सां गेली, तुमचो एक आयतवार.”

दत्तारामानं भात कालवला.

“व्हय म्हाराजा.”