घराण्याचा डावा खांदा

आमच्या घरातल्या एकाही जुन्या शर्टाला डावा खांदा नाही. कोटांना नाही, झग्यांना नाही, आत्याच्या लोकरी जाकिटालाही नाही. कपाट उघडलं की वाटतं, इथे एखादा फार चोखंदळ उंदीर येऊन गेला असावा. तो उंदीर म्हणजे आमचे बाबा.

बाबा शिंपी. उभा जन्म लोकांचे खांदे मोजण्यात गेला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी शिवणकाम कमी करायला सांगितलं, तेव्हा दुकान माझ्या धाकट्या भावाच्या हातात गेलं आणि बाबांचे हात रिकामे झाले. आई म्हणाली, "आता बसा जरा निवांत." बाबा आठवडाभर निवांत बसले. मग त्यांनी आपल्या घराण्याचा शोध घ्यायचा चंग बांधला, आणि आमच्या निवांतपणाचा निकाल लागला.

बाकीचे लोक घराण्याचा शोध घेतात तेव्हा जुनी कागदपत्रं चाळतात, कचेऱ्यांचे उंबरे झिजवतात. बाबांचा कागदावर काडीचा विश्वास नाही. "कागदावर कुणीही काहीही लिहितं," ते म्हणतात. "खांदा खोटं बोलत नाही." त्यांचे वडीलही शिंपीच. त्यांनी बाबांना सांगून ठेवलं होतं की आपल्याकडे डावा खांदा बोटभर उतरता असतो, घरच्यांचे कपडे कापताना तेवढा उतार द्यायचा, नाहीतर कॉलर एका बाजूने उभी राहते. एवढ्या सुतावरून बाबांनी स्वर्ग गाठला. ज्याचा डावा खांदा उतरता, तो आपला.

झालं. रांगेत उभे राहिले की बाबा पुढच्या माणसाच्या खांद्यांवर दोन्ही हात ठेवून पाहायचे. एकाने त्यांना खिसेकापू समजून आरडाओरडा केला, तर बाबा त्याला शांतपणे म्हणाले, "घाबरू नका, तुम्ही आमच्यातले नाही." त्या माणसाला हा अपमान वाटला की दिलासा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

समोरच्या खोलीत भिंतभर जाड पांढरं कापड टांगलं गेलं. त्यावर प्रत्येक नातेवाइकाचा एक तुकडा, आणि तोही त्याच्याच कपड्याच्या डाव्या खांद्याचा. रक्ताचं नातं असेल तर लाल दोऱ्याची टीप, लग्नाचं असेल तर निळ्या. तिसरा दोरा नाही. तुकडे गोळा करायला बाबा खिशात कात्री घालून गावभर हिंडायचे. एखाद्या नातेवाइकाकडे कुणी वारल्याचं कळलं की भेटायला जायचे, धीराचे दोन शब्द बोलायचे आणि निघताना हळूच म्हणायचे, "त्यांचा एखादा शर्ट मिळेल का?" आठवण म्हणून मागतायत असं वाटून घरच्यांचे डोळे भरून यायचे. मग खिशातून कात्री निघाली की भरलेले डोळे मोठे व्हायचे.

मी हे सगळं हसत हसत सांगतेय, पण तेव्हा मी पूर्ण मनाने हसत नव्हते. त्याचं कारण सांगते. बाबा माझे जन्मदाते नाहीत. आईचं हे दुसरं लग्न. आई या घरात आली तेव्हा मी चार वर्षांची, तिच्या झग्याला लटकून आले. यात लपवण्यासारखं कधीच काही नव्हतं, आणि बाबांनी मला कधी काही कमीही पडू दिलं नाही. शाळेच्या कोटापासून ते मी फोटो स्टुडिओ उघडला तेव्हाच्या पडद्यांपर्यंत सगळं त्यांच्या हातचं. परकेपणा म्हणजे काय हे मला त्या घरात कळलंच नाही, आणि याबद्दल मी रोज मनातल्या मनात हात जोडते. पण दोरे दोनच होते. माझे खांदे अगदी सरळ आहेत. आणि लग्न होऊन तर मी या घरात आले नव्हते.

चाळिशी उलटलेल्या बाईने कापडाच्या एका तुकड्यासाठी जीव टांगणीला लावावा, हे मलाही पटत नव्हतं. पटत नव्हतं म्हणून थांबतही नव्हतं.

त्यात ते पोस्टमनचं प्रकरण झालं. आमच्या गल्लीत नवा पोस्टमन आला, त्याचा डावा खांदा चांगला दोन बोटं उतरलेला. बाबांना आकाश ठेंगणं झालं. त्याला आत बोलावलं, चहा पाजला, आजोबा-पणजोबांची चौकशी केली. त्याला पणजोबांबद्दल काही माहीत नव्हतं, त्यामुळे काहीच आड आलं नाही. त्याच्या जुन्या खाकी शर्टाचा खांदा लाल दोऱ्याने कापडावर चढला. पोस्टमनलाही हे फार आवडलं. तो रोज येऊन आपला तुकडा बघून जायचा.

मग आत्या आली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, जिच्यापुढे बाबा अजून हूं की चूं करत नाहीत. तिने पोस्टमनला नखशिखान्त न्याहाळलं आणि विचारलं, "पिशवी कुठल्या खांद्यावर घेतोस रे?"

"डाव्या," पोस्टमन म्हणाला.

"किती वर्षं?"

"नोकरीला लागल्यापासून."

आत्याने बाबांकडे नुसतं बघितलं. बाबांनी मुकाट्याने ब्लेड घेतलं आणि खाकी तुकडा उसवला. तेव्हा आत्या म्हणाली, "अरे, रक्ताचीच माणसं लाव. असा जो तो चढवत बसलास तर कापड पुरायचं नाही."

ती हे पोस्टमनबद्दल बोलत होती. मी मात्र नकळत माझे सरळ खांदे चाचपले. तो बिचारा चहाचा कप घेऊन तसाच बसला होता, आणि त्या क्षणी त्याच्याइतकं जवळचं मला कुणी वाटलं नाही.

त्यानंतर मी कापड नीट बघितलं. आईचा तुकडा निळ्या दोऱ्यात, त्याखाली भावाचा लाल दोऱ्यात. त्याच्याशेजारी खडूची एक फुली. दुकानात मी लहानपणापासून वावरलेय. बाबांची फुली म्हणजे एकतर इथे काहीतरी लावायचं राहिलंय, नाहीतर हे काढून टाकायचंय. आणि मग माझ्या लक्षात आलं की बाबांनी सगळ्यांचे कपडे कापले, पण माझ्याकडे कधी काही मागितलंच नाही.

मी विचारलं का? छे. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. त्याऐवजी मी माझा एक जुना शर्ट घेऊन गेले आणि बाबांच्या खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवला, डावा खांदा वर येईल असा. दुसऱ्या दिवशी बघते तर बाबांनी त्याला इस्त्री केली होती, सैल झालेलं बटण पक्कं केलं होतं आणि घडी घालून माझ्या पिशवीत ठेवला होता. शर्ट पूर्ण, दोन्ही खांद्यांसकट. आयुष्यात इतकी छान इस्त्री केलेला कपडा बघून मला कधी रडू आलं नव्हतं.

आत्याच्या ऐंशीव्या वाढदिवसाला सगळं गोत आमच्याकडे जमायचं ठरलं. बाबांनी कापड उतरवून दुकानात नेलं. "आता एकदम त्या दिवशीच बघा," म्हणाले. मी लगेच जाहीर केलं की फोटो मी काढणार. सगळ्यांना वाटलं, किती हौशी! खरं म्हणजे फोटो काढणाऱ्याला कुठे उभं राहायचं हा प्रश्नच पडत नाही.

वाढदिवसाला समोरची खोली माणसांनी भरून गेली. भिंतीवर कापड, त्यावर चादर. पोस्टमनही आला होता, नवा शर्ट घालून. नातं उसवलं तरी चहा चालू होता. बाबांनी चादर ओढली आणि सगळे आपापले खांदे शोधायला धावले. "हा माझा कोट!" "हे जाकीट तूच नेलंस होय रे, आणि मी मोलकरणीवर आळ घेतला!" असा गोंधळ सुरू झाला. मी कॅमेऱ्यामागे. पुढे जायचं धाडस नव्हतं म्हणून भिंग फिरवून लांबूनच भावाचा तुकडा शोधला आणि त्याच्याशेजारी बघितलं.

फुली नव्हती. तिथे एक पिवळा तुकडा होता, विटलेला, बारीक पांढऱ्या फुलांचा. बाकी सगळ्यांपेक्षा लहान. आणि त्याच्याभोवती लाल दोरा.

माझ्या अंगावर तसलं कापड मला आठवेना. पण आई पुढे झाली आणि तिने त्यावरून बोट फिरवलं. "अगं बाई! हा तर तुझा फ्रॉक. यांनी तुला शिवलेला पहिला. मी तर समजत होते कधीच टाकून दिला."

"लाल?" आत्याचा आवाज आला. "नियम तुझाच ना? पोर गुणाची आहे, मला प्रिय आहे, पण मग तो पोस्टमन का उसवला?"

पोस्टमननेही मान वर केली. त्यालाही उत्तर हवं होतं. मी कॅमेरा डोळ्याला लावूनच ठेवला, कारण तो काढला असता तर डोळे दिसले असते.

बाबा आत्यापुढे पहिल्यांदा न अडखळता बोलले. "ताई, लग्नाआधी मी हिला बघायला गेलो होतो. हिच्या आईला नाही, हिला. म्हटलं, रिकाम्या हाती कसं जायचं, एक फ्रॉक शिवून द्यावा. माप घेतलं. खांदे सरळ, पट्टीने आखल्यासारखे. दुकानात आलो, कापड पसरलं, कापला, शिवला. हिला घातला तर डाव्या खांद्यावरून घसरतोय. उलटून बघितलं, तर डावा खांदा बोटभर उतरता कापलेला."

"म्हणजे चुकलास," आत्या म्हणाली.

"चुकलो. पण गिऱ्हाइकाच्या कपड्यात माझ्या हातून असं कधी झालेलं नाही. एकदाही नाही. माझा हात असा फक्त घरच्यांचं कापताना जातो." त्यांनी हात पुढे करून दाखवला, जणू तोच साक्षीदार. "हिला आपलं म्हणायचं की नाही याचा मी विचार करत होतो, ताई. हाताने आधीच ठरवून टाकलं होतं. आता दोरा दुसरा कुठला लावू?"

"तरीच!" आई म्हणाली. "मी आपली सारखा तो फ्रॉक वर ओढत बसायचे. मला वाटायचं, पोरच हडकुळी."

"दुरुस्त करून द्यायला काय झालं होतं?" आत्याने विचारलं.

"नाही केला," बाबा म्हणाले. "लहान झाल्यावर मागून घेतला आणि दुकानात ठेवला. हिचे बाकीचे कपडे सरळ शिवले. पण आजही हिचं काही कापायला घेतलं की डाव्या बाजूवर डोळा ठेवावा लागतो. हात ऐकत नाही."

आत्या उठली. कापडाजवळ जाऊन तिने लाल टीप नखाने ओढून पाहिली. टीप पक्की होती. "पिवळा रंग उडालाय," ती म्हणाली, आणि मग माझ्याकडे वळून, "ए, तू काय भिंतीसारखी उभी आहेस तिकडे? इकडे ये. घरच्यांनी घरच्यांचे फोटो काढायचे नसतात."

मी कॅमेरा खाली ठेवला आणि बाबांपाशी गेले. "बाबा," एवढंच म्हटलं. ते म्हणाले, "त्या शर्टाचं बटण नीट बसलं ना?" मी हो म्हटलं. माझ्यासारखं नशीब फार थोड्यांच्या वाट्याला येतं, हे मला त्या गर्दीत, सगळ्यांची कोपरं खात उभी असताना, अगदी स्वच्छ कळलं.

फोटो कुणी काढायचा यावर वाद होण्याआधीच पोस्टमनने कॅमेरा उचलला. "मास्तर, मी काढतो. मी तर उसवलेला माणूस."

"कोण म्हणतं?" बाबा म्हणाले आणि कापडाच्या वरच्या टोकाला बोट दाखवलं. ज्या पट्ट्यावर अख्खं घराणं टांगलं होतं, तो पट्टा खाकी होता. पोस्टमनने तो बराच वेळ बघितला. मग नाक ओढून त्याने सगळ्यांना हसायला सांगितलं, आणि त्याचं स्वतःचंच हसू थांबेना.

फोटो दुसऱ्या दिवशी स्टुडिओत मोठ्या पडद्यावर बघितला. पोस्टमनचा डावा खांदा उतरलेला, त्यामुळे कॅमेराही डावीकडे कलला होता. दार तिरकं, कापड तिरकं. आत्या तर आता घसरून पडते की काय असं वाटावं. सगळ्यांचे डावे खांदे होते त्याहून खाली गेलेले. आणि मधोमध, बाबांना चिकटून, मी. माझाही डावा खांदा बोटभर उतरता.

वाकडे फोटो सरळ करणं हा माझा धंदा आहे. दिवसभर मी गिऱ्हाइकांना खांदे नीट करायला लावते, आणि त्यातूनही काही राहिलं तर मशीनवर सरळ करते. तो फोटो मी आहे तसाच छापला, चौकटीत बसवला आणि स्टुडिओच्या दर्शनी भिंतीवर लावला. गिऱ्हाईक आलं की हमखास म्हणतं, "ताई, हा जरा वाकडा आलाय."

मी म्हणते, "आमच्या घरात असंच येतं."