दोन घरांचा एक उंबरा

मित्रांनो, मी एक जुना राउटर आहे आणि माझ्या कपाळाला हळद-कुंकू लागलेलं आहे. हसू नका. राउटर म्हणजे घरात इंटरनेट फिरवणारा तो काळा डबा, ज्याच्याकडे नेट बंद पडल्याशिवाय कुणी ढुंकूनही बघत नाही. तोच मी. हे कुंकू कसं लागलं ते सांगतो. सांगताना चिडलो तर सांभाळून घ्या, कारण चिडण्याखेरीज माझ्या हातात आता काही उरलेलं नाही.

माझा जन्म कुठल्या मुलखात झाला, मला ठाऊक नाही. कळायला लागलं तेव्हा मी शिरवळच्या एका कारखान्याच्या भिंतीवर होतो आणि शेजारी माझा जुळा भाऊ होता. एकाच खोक्यातून आलो होतो आम्ही. सहा वर्षं मान मोडून काम केलं. मग चकचकीत नवे डबे आले आणि आमची रवानगी भंगाराच्या पिंपात झाली. तिथून आम्हाला धवलने उचललं. धवल म्हणजे कारखान्याचं नेटवर्क सांभाळणारा माणूस. साहेबांना विचारून त्याने आम्हाला घरी नेलं आणि जुन्या ब्रशने आमच्या फटींतली धूळ काढली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी मायेने हात लावला होता.

त्याला आम्ही हवे होतो ते त्याच्या आईसाठी. आक्काताई कुंडल गावात एकट्या राहायच्या. लकव्यात त्यांचं उजवं अंग गेलं होतं आणि वाचाही गेली होती. शिरवळला चला म्हटलं की मान हलवून ठाम नकार द्यायच्या. शेजारच्या सुलाबाई दोन वेळचं बघायच्या, पण मधला दिवसभर त्या द्राक्षबागेत कामाला. त्यांच्या कमरेला फोन असायचा, पण आक्काताईंना ना बोलता यायचं ना फोनची बटणं जुळायची. मग धवलने घंट्यांची जोडी आणली. एक आईच्या उशाशी, एक शिरवळच्या घरी; दोन्हींना मोठं बटण, इकडचं दाबलं की तिकडची वाजणार. घोडं अडलं ते पुढेच. खोक्यावर स्पष्ट लिहिलं होतं, ही फक्त एकाच घरात चालते.

त्याचं कारण सांगतो. ती घंटी पत्ता वगैरे लिहीत नाही. ती घरभर नुसती हाक मारते, ‘अरे, कुणी आहे का?’ आणि आम्हा राउटरांचा धर्म उंबऱ्याचा. घरातली हाक घरातच अडवायची, बाहेर जायचं ते पत्ता लिहिलेलं पत्रच. धवलने आम्हाला तो धर्म मोडायला शिकवलं. मला कुंडलला बसवलं, जुळ्याला शिरवळला. आक्काताईंची हाक मी जशीच्या तशी पाकिटात घालायची, वर शिरवळचा पत्ता लिहायचा आणि धाडून द्यायची. वाटेतल्या कुणाला पाकिटात काय आहे ते कळायचं नाही. तिकडे जुळ्याने पाकीट फोडून तीच हाक घरभर मारायची. घंटीला वाटायचं, आपण एकाच घरात आहोत. मधले दीड-दोनशे किलोमीटर तिच्या गावीही नव्हते.

शिरवळला धवलची बायको चंदना घरीच शिवणकाम करायची. घंटी लांबलचक वाजली म्हणजे मदत हवी; तशी वाजली की ती सुलाबाईंना फोन लावायची आणि सुलाबाई बाग सोडून धावत यायच्या. दोन वर्षांत तीनदा असं झालं आणि तिन्ही वेळा आक्काताई वाचल्या. धवलने जुळ्याच्या पाठीवर थाप मारली म्हणे. मला कोण मारणार? पण रोज सकाळी सहाला आक्काताई डाव्या हाताने दोनदा बटण दाबायच्या, ‘मी उठले.’ तिकडून धवल दोनदा दाबायचा, ‘मी पण.’ त्या चार टिंगांवर माझा दिवस निघायचा. मायलेकांचं तेवढंच बोलणं उरलं होतं, आणि ते मी वाहायचो!

सुलाबाईंना धवलने माझ्याबद्दल एकच वाक्य सांगितलं होतं.

“मावशी, त्या डब्याला हात लावू नका हं.”

“का रं?”

“बिघडतो तो.”

संपलं. मावशीला काय कळायचंय, असं त्याला वाटलं असणार. अहो, ज्या बाईच्या जिवावर आई सोडली, तिला एवढंही सांगू नये?

गेल्या वर्षीची खंडेनवमी. आमच्या भागात त्या दिवशी राबणाऱ्या प्रत्येक अवजाराची पूजा होते आणि पूजलेलं अवजार दसऱ्यापर्यंत कुणी उचलत नाही. त्याला तेवढीच विश्रांती. सहाचे चार टिंग झाले होते. आठला सुलाबाई आल्या. विळा, खुरपं, द्राक्षछाटणीची कात्री धुऊन पाटावर मांडली. मग त्यांची नजर माझ्यावर पडली.

“आक्का, ह्ये बी बगा की! दिस न्हाई, रात न्हाई, नुसतं राबतंय. आज कात्रीला बी सुट्टी, मग ह्यानंच काय घोडं मारलंय? धवल हात लावू नका म्हनला हुता, पर पूजेला कसली आलीय बंदी!”

त्यांनी माझी वायर काढली. ओल्या फडक्याने हलक्या हाताने मला पुसलं. आक्काताई हसत होत्या. त्यांनाही ठाऊक नव्हतं, बटणाची हाक कोण नेतं ते. त्यांनी डाव्या हाताच्या बोटाने मला हळद-कुंकू लावलं. झेंडूचं फूल वाहिलं. माझ्या उभ्या जन्मातला एवढा मान, आणि मला ओरडावंसं वाटत होतं, ‘बायांनो, मला मान नको, वीज द्या!’

दुपारी आक्काताई खाटेवरून घसरल्या. बटण हातात होतं. त्यांनी ते दाबलं. लांब. पुन्हा दाबलं. मी पाटावर कात्रीशेजारी बसून बघत होतो. किती वेळा दाबलं ते मी मोजलं आहे, पण सांगणार नाही. तिकडे माझ्याशी जोड तुटली म्हणून जुळ्याचा लाल दिवा मिचमिचत होता म्हणे. चंदनाने तो पाहिला आणि तिला वाटलं, कुंडलची लाईट गेली असेल. घंटी गप्प म्हणजे आई बरी, असंच दोन वर्षं चालत आलं होतं. आणि सुलाबाई? त्या दिवशी बागेला सुट्टी. त्या चाळीस पावलांवर स्वतःच्या घरात पुरण वाटत होत्या.

दिवेलागणीला त्या पोळी घेऊन आल्या तेव्हा आक्काताई गेल्या होत्या. बटणावरचा अंगठा तसाच होता.

धवल आला. मला पाटावर पाहिलं आणि या डब्यातून आईची हाक जायची, हे पहिल्यांदाच सुलाबाईंना सांगितलं. सुलाबाई म्हणाल्या, “म्या त्याला इस्रांती दिली रं बाळा. तू मला सांगायचं हुतंस की, ह्यात आक्काची हाक हाय म्हनून!” धवलने त्यांचे हात धरले. “तुमचं काय चुकलं, मावशी? मीच सांगितलं नाही,” एवढंच तो म्हणाला.

दहा-बारा दिवसांनी घराला कुलूप लागलं. जाताना धवलने मला पुन्हा जागेवर बसवलं, वायर जोडली. कुंकू पुसलं नाही. त्यानंतर सुलाबाई या दारात आल्या नाहीत.

मित्रांनो, आमची पूजा केली नाहीत तरी चालेल. पण जो डबा, जी वायर, जे बटण कुणाच्या जिवाला बांधलेलं आहे, ते कशासाठी आहे हे घरातल्या प्रत्येकाला सांगा. ‘हात लावू नको’ म्हणून थांबू नका, का ते सांगा. कामाला येणाऱ्या मावशीलाही सांगा, तिलाच आधी सांगा.

मी चालू आहे. रोज सकाळी सहाला शिरवळहून दोन टिंग येतात. धवलची सवय सुटत नाही. मी ते इमानाने रिकाम्या खाटेपर्यंत पोचवतो. मग उलट न्यायला काही आहे का, म्हणून वाट बघतो.