गटारीचा कोंबडा आणि आमचे हे

माझ्या भावाने, सहदेवने, मालवणहून गटारीसाठी कोंबडा आणला आणि माझ्या संसाराची वाट लागली.

कोंबडा झकास होता, लालभडक तुऱ्याचा. पण वाकोल्याच्या आमच्या चाळीत नुसता बांधून ठेवला असता तर बॉयलर कोंबडीसारखा बेचव झाला असता. गावठी कोंबडा धावला पाहिजे, तरच रश्श्याला चव. म्हणून मीच ह्यांना म्हटलं, "रोज सकाळी ह्याला अंगणात पळवा." हो, मीच! माझ्याच तोंडाला पाणी सुटलेलं ना!

आता आमचे हे, म्हणजे चाळीचे जयवंतभाऊ, रिटायर झाल्यापासून खुर्चीला चिकटलेले. लग्न झाल्यापासून मी म्हणतेय, चला, माझ्यासोबत एक फेरी मारू. तर कधी गुडघा, कधी मॅच. कोंबड्यासाठी मात्र टुणकन उठले! आधी हे कोंबड्यामागे धावले. मग कोंबडा ह्यांच्यामागे. थोड्याच दिवसांत दोघं शेजारी शेजारी. ह्यांना धाप लागली की तो मेला कोंबडाही थांबायचा. पाऊस आला की ह्यांची छत्री त्याच्या डोक्यावर, आणि हे भिजतायत! वर अर्धं बिस्कीट त्याला. मला कधी विचारलंय का हो अर्ध्या बिस्किटाचं?

"आई, एकत्र धावलं की प्राण्यांची अशीच गट्टी जमते," आमची अक्षता म्हणाली. ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते.

"कुठल्या प्राण्याचं बोलतेयस?"

"दोन्ही!"

गटारी आली. मी खोबऱ्याचं वाटप काढलं, वड्यांचं पीठ मळलं. सहदेव सुरी घेऊन उभा. आणि हे कोंबड्याला छातीशी धरून आतल्या खोलीत, दाराला कडी!

"बाहेर या!" मी दार बडवलं.

"नाय येणार गो! ह्याला कापलंस तर सकाळी मी फिरू कोणाबरोबर?"

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "कोणाबरोबर? मी काय मेलेय? जन्म गेला माझा तुम्हाला विचारण्यात! हेवा वाटतो मला, कळलं? कोंबड्याचा!"

अख्ख्या चाळीने ऐकलं. सहदेव गुपचूप खाली गेला आणि अंडी घेऊन आला. आम्ही वडे अंड्याच्या रश्श्याबरोबर खाल्ले.

सकाळी बघते तर हे दारात, काखेत कोंबडा. "चल गो. तुझ्या चपला काढून ठेवल्यात."

मी पदर खोचला. अंगणात ह्यांनी कोंबडा खाली सोडला न सोडला तोच तो मेला मान ताणून माझ्याच अंगावर! मी किंचाळत पळत सुटले. "अहो, आवरा ह्याला!" हे कसले आवरतायत! पोट धरून हसत आले, माझा हात पकडला आणि माझ्यासोबत पळायला लागले. गॅलरीत सगळी चाळ बघत होती. लग्नानंतर चारचौघांत पहिल्यांदाच धरला हो हात. कोंबडा कधीच दमून कट्ट्यावर जाऊन बसला, तरी ह्यांनी माझा हात सोडला नाही.